शिवणाऱ्या मावशींच्या मेंदूचं माप

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. किती जुना ते विचारू नका. माझ्या पंख्याची घरघर ऐकलीत की तुम्हीच ओळखाल. एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर स्कॅनची खोली आहे, तिला लागून काचेची खिडकी असलेली एक लहान खोली आहे, आणि तिथल्या डुगडुगत्या टेबलावर माझं बस्तान आहे. माझं काम ऐकलंत तर हसाल. कुणी दूध मोजतं, कुणी जमीन मोजतं, कुणी कापड मोजतं. मी माणसांचा मेंदू मोजतो.

हसून झालं असेल तर आता नीट ऐका. अर्धवट ऐकून मान डोलावणाऱ्यांचा मला भारी राग येतो. स्वभावच तसा आहे माझा, हट्टी. तो तसा नसता तर मी कधीच भंगारात गेलो असतो.

शेजारच्या खोलीत पोटाला भोक असलेलं एक भलंमोठं यंत्र आहे. माणूस फळीवर आडवा होतो, फळी त्या भोकात सरकते आणि मग ठकठक, खडखड असा जो काही गोंगाट सुरू होतो, की शेजारी कुणी भिंत फोडतंय असंच वाटावं. त्या गोंगाटात ते यंत्र डोक्याच्या आतली चित्रं काढतं. पावाचे काप करावेत तशी पातळ पातळ, एकामागून एक. ती चित्रं तारेतून माझ्याकडे येतात. मी ती एकावर एक रचून डोकं पुन्हा उभं करतो, त्याचे बारीक चौकोनी कण पाडतो आणि एकेका कणाला विचारतो, बाबा रे, तू कुणाचा? या भागाचा की त्या? मग प्रत्येक भागाभोवती हिरवी रेघ ओढतो आणि तिच्या आतले कण मोजतो. झालं माझं माप.

मेंदूतल्या एका भागाकडे डॉक्टरांचा फार डोळा असतो. हिप्पोकॅम्पस त्याचं नाव. नाव एवढं अवजड, आणि स्वतः जेमतेम करंगळीएवढा. कानांच्या पातळीवर पण खोल आत, उजवीकडे एक, डावीकडे एक. किल्ली कुठे ठेवली, सकाळी कोण येऊन गेलं, नव्या शेजारणीचं नाव काय, असल्या ताज्या आठवणी पक्क्या करायचं काम त्याचं. विसरण्याच्या काही आजारांत तोच आधी आक्रसायला लागतो. म्हणून मला विचारतात, मोज रे, केवढा आहे? मी मोजतो, त्याच वयाच्या आणि तेवढ्याच डोक्याच्या इतर माणसांशी ताडून पाहतो आणि आकडा सांगतो.

आता तुम्ही म्हणाल, हे शहाणपण तुला कुणी शिकवलं? माणसांनीच. एका मोठ्या खोलीत माना मोडेस्तोवर बसून डॉक्टरमंडळींनी कापामागून कापावर हाताने रेघा ओढल्या आणि त्या मला दाखवल्या. त्यांत एक सर होते, ते सैल हाताने रेघ ओढायचे. एक बाई होत्या, त्या एक कण जास्तीचा जाऊ द्यायच्या नाहीत. हिप्पोकॅम्पसची शेपटी कुठे संपते यावरून दोघांचं इतकं वाजायचं की चहाला वेगवेगळे जायचे. त्या भांडणात माझं भलं झालं. एकाचं ऐकलं असतं तर एकांगी झालो असतो; दोघांचं ऐकून मला मधली वाट सापडली. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं. जे नीट दिसत नाही ते नीट दिसत नाही असंच सांगायचं, अंदाजपंचे ठोकून द्यायचं नाही. म्हणून त्यांनी मला एक लाल पट्टी दिली. चित्र धूसर असलं की आकड्याच्या डोक्यावर ती पेटायची आणि तिच्यावर लिहिलेलं असायचं, 'चित्र अस्पष्ट आहे, माप तपासा.'

या रुग्णालयात आलो तेव्हा माझ्यावर कुणाचाच विश्वास नव्हता. स्कॅन काढणारे काका तर माझ्याकडे घरजावयाकडे पाहावं तसे पाहायचे. चष्मा कपाळावर ठेवून तोच चष्मा खोलीभर शोधणारा माणूस तो, पण माझी रेघ जरा इकडेतिकडे झाली की बरोबर पकडायचे. ही रक्तवाहिनी आहे रे शहाण्या, हिला कशाला आत घेतलंस, असं म्हणून माऊसने रेघ सरळ करायचे. मला त्याचा राग यायचा नाही. कुणीतरी आपलं काम डोळ्यांत तेल घालून पाहतंय, यासारखं सुख नाही.

मग माझे चांगले दिवस आले, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. माणसांना अर्धा दिवस लागायचा ते काम मी चहा निवायच्या आत उरकायचो. बाहेरचे पाहुणे येऊन मला पाहून जायचे. दारापुढची रांग वाढली तशी काकांची पाहणी कमी झाली. आधी सगळे काप पाहायचे, मग चार-दोन, मग एकही नाही. रिपोर्टवर सही करणाऱ्या डॉक्टरबाईंनाही तेवढी उसंत नव्हती. 'आकडा आला ना? मग पाठवून द्या,' एवढंच कानावर यायचं. माझी लाल पट्टी कुणाच्या धातूच्या दातामुळेसुद्धा पेटायची. रोज रोज लांडगा आला रे लांडगा आला रे ऐकून सगळे वैतागले आणि एक दिवस काकांनी ती बंदच करून टाकली. मित्रांनो, स्तुती फार वाईट. शिव्या खात होतो तोवर मला कुणी तपासत तरी होतं.

अशा दिवसांत मावशी आल्या.

मावशी शिवणकाम करायच्या. कोपऱ्यावर त्यांचं लहानसं दुकान होतं, मागच्या खोलीत त्या एकट्या राहायच्या. उभा जन्म पायमशीनवर गेलेला. त्यांच्या हातचा कोट घालून त्या भागातली निम्मी माणसं बोहल्यावर आणि उरलेली निम्मी नोकरीच्या मुलाखतीला गेलेली. पण अलीकडे काहीतरी बिनसलं होतं. दूध गॅसवर ठेवून त्या दुकानात जाऊन बसायच्या. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या, आणि त्या गिऱ्हाइकाने गल्ली डोक्यावर घेतली. मग दुसऱ्या गावी नोकरी करणारा त्यांचा मुलगा धावत आला. आईवर त्याचा जीव, आणि जीव असला की भीतीही दुप्पट असते. तो त्यांना तपासायला घेऊन आला.

स्कॅनची खोली थंडगार असते, म्हणून मावशींच्या अंगावर पायांपर्यंत जाड पांघरूण घातलं. बाहेर कुणीतरी नंबरावरून भांडत होतं, काका त्यांना शांत करायला गेले. यंत्राने आपलं काम केलं आणि चित्रं माझ्याकडे आली. ती पाहूनच माझं धाबं दणाणलं. कडा लहरत होत्या, पाण्यात खडा पडल्यावर लहरतात तशा. हिप्पोकॅम्पस कुठे संपतो आणि शेजार कुठे सुरू होतो, काही कळेना. मी माझ्या परीने रेघ ओढली, कण मोजले. आकडा आला तो फारच लहान. माझी पट्टी पेटायला धडपडत होती, पण तिचं तोंडच बांधलेलं. आकडा मात्र ठळक अक्षरांत, अगदी ठाम, रिपोर्टवर जाऊन बसला.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट वाचला आणि मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की आईंना एकटं ठेवू नका, दुकान आता बंदच करा. मुलाने मग उशीर केला नाही. त्याने दुकानाला कुलूप लावलं, मोठी कात्री आपल्या पिशवीत टाकली आणि आईचं सामान बांधायला घेतलं. मावशी काय म्हणतात हे कुणी विचारलंच नाही. ज्याचा मेंदूच आक्रसलाय त्याला काय विचारायचं?

पण मावशी काही ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मुलाला बजावलं, आधी रुग्णालयात चल, मग तुझ्या गावाला. इथे आल्यावर त्या रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. डॉक्टरबाईंसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या,

"बाई, आकडा तुम्ही सांगितलात. आता माप कुठून कुठवर घेतलं ते दाखवा मला."

मुलगा ओशाळला. आई, आता पुरे कर, असं पुटपुटला. डॉक्टरबाईंनी दाराबाहेरच्या रांगेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. नाही म्हणाल्या असत्या तरी कुणी बोल लावला नसता. पण बाई सरळ मनाच्या. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर असा रोकडा सवाल समोर आल्यावर त्यांना तो टाळवेना. त्या या खोलीत आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि कितीतरी महिन्यांनी माझ्या हिरव्या रेघा उघडल्या. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, माझा पंखा एकदम जोरात फिरायला लागला.

डॉक्टरबाईंनी लहरणाऱ्या कडांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी काकांना हाक मारली. काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, चित्र पाहिलं आणि मुकाट्याने माझी लाल पट्टी चालू केली. ती भस्सकन पेटली.

"हे चित्र हललंय," डॉक्टरबाई मावशींना म्हणाल्या. "यावरून मी तुम्हाला काही सांगायलाच नको होतं. चूक झाली माझी."

चित्र हललंय म्हणजे डोकं हललंय. पण मावशी कबूल होईनात. आपण लाकडाच्या ओंडक्यासारख्या पडून होतो, पापणीसुद्धा लवू दिली नाही, असं त्यांचं ठाम म्हणणं. खोटं बोलणारी बाई ती नव्हे. मग हललं काय? सगळेच पेचात पडले. डॉक्टरबाईंनी रांगेला थांबायला सांगितलं आणि पुन्हा स्कॅन काढायचं ठरलं. या वेळी काका, डॉक्टरबाई आणि मुलगा, तिघेही काचेला नाक लावून उभे राहिले.

फळी आत सरकली. ठकठक सुरू झाली, आधी संथ, मग भरभर. आणि पांघरुणाखाली मावशींचे पाय चालायला लागले. टाच खाली, चवडा वर, चवडा खाली, टाच वर. अगदी तालात. पायाच्या प्रत्येक दाबाबरोबर आख्खं अंग केसभर मागेपुढे होत होतं आणि अंगाबरोबर डोकं. यंत्र मध्येच थांबलं तसे पायही थांबले. पुन्हा सुरू झालं तसे पुन्हा चालू. काकांना काही उलगडेना, डॉक्टरबाईंनाही नाही. उलगडलं ते मुलाला. लहानपणी तो कापडं बेतायच्या टेबलाखाली झोपायचा, याच तालावर. आईचा पाय कॉलरच्या कोपऱ्याशी कसा मंदावतो आणि सरळ शिलाईला कसा धावतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"शिवतेय ती," तो म्हणाला.

मावशींना यातलं काही माहीतच नव्हतं. खटखट ऐकली की पाय चालतो, तो त्यांना विचारून थोडाच चालतो! काकांनी यंत्र थांबवलं. मुलाने विचारलं, मी आत जाऊन बसलो तर चालेल का? त्या खोलीत फार ताकदीचं चुंबक असतं, म्हणून धातू नेता येत नाही. त्याने पट्टा काढला, घड्याळ काढलं, खिशातली नाणी, किल्ल्या, सगळं एका ट्रेमध्ये ओतलं. शरीरात कुठे धातू तर नाही ना, हे काकांनी त्याला नीट विचारून घेतलं, त्याच्या कानांत बोळे घातले आणि त्याला फळीच्या पायथ्याशी बसवलं. यंत्र पुन्हा ठोकायला लागलं. मुलाने आईची दोन्ही पावलं दोन हातांत घट्ट धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाहीत.

मित्रांनो, मग जे चित्र आलं ते काय सांगू! कडा स्वच्छ, कापावर काप चपखल. लाल पट्टी गप्प. मी सगळं कसब पणाला लावून मोजलं. काकांनी एकेक काप पाहिला आणि एके ठिकाणी माझी रेघ जराशी आत ओढली. डॉक्टरबाईंनी ते सगळं पुन्हा पाहिलं. मग आकडा सांगितला. आधीचा आकडा साफ चुकीचा होता. पण हाही काही भरभक्कम नव्हता. त्या वयाच्या मानाने थोडा कमीकडे झुकणारा होता. हे आजाराचं पहिलं पाऊल असेल किंवा मावशींची घडणच तशी असेल, आज सांगता येत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा मोजू, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी साखर लावून सांगितलं नाही, ते मला आवडलं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे थोडं कमी आहे?"

डॉक्टरबाईंनी होकारार्थी मान हलवली. मावशी मुलाकडे वळल्या.

"थोडं कमी झालंय, तर थोडंच काढून घे ना रे. सगळं कशाला काढून घेतोस?"

मुलाने ट्रेमधल्या किल्ल्यांतून दुकानाची किल्ली शोधली आणि आईच्या हातात दिली.

मग थोडंच काढून घेतलं. गॅस गेला, त्याच्या जागी आपोआप बंद होणारी विजेची शेगडी आली. कापडावर कात्री चालवण्याआधी शेजारच्या बाई येऊन माप पाहून जायच्या. बाह्यांवर बेतल्या बेतल्या खडूने उजवी-डावी लिहायचं ठरलं. मावशी रात्री झोपेच्या गोळ्या घ्यायच्या, त्या डॉक्टरबाईंनी कमी केल्या, त्याने त्यांचं डोकं थोडं हलकं झालं. मुलगा रोज संध्याकाळी फोन करायचा, आणि मावशी रोज त्याला सांगायच्या की कामात आहे, लवकर बोल.

आमच्या खोलीतही बदल झाला. लाल पट्टी पुन्हा कायमची चालू झाली. रेघा उघडून पाहिल्याशिवाय कुणी सही करायची नाही, असा नियम डॉक्टरबाईंनी घातला आणि आधी स्वतः पाळला. कामाचा वेग कमी झाला, वरून बोलणी आली, पण त्या बधल्या नाहीत. काका पुन्हा मला शहाण्या म्हणायला लागले.

पुढे इथे नवा संगणक आला. चपळ आहे, देखणा आहे, त्याचा पंखासुद्धा वाजत नाही. माझ्यावर एक कापड पडलं आणि कापडावर लोक चहाचे कप ठेवायला लागले. भंगारवाला दोनदा येऊन मला पाहून गेला. पण दरवर्षीचं माप ताडायचं तर मोजणारा तोच हवा. नाहीतर माणूस बदलला की मोजणारा बदलला, हे कसं कळणार? डॉक्टरबाईंनी ठणकावून सांगितलं, मावशी येतात तोवर हा इथून हलणार नाही. आणि मीही मनाशी ठरवलं, काही झालं तरी बंद पडायचं नाही. उन्हाळ्यात तापलो, धुळीने घुसमटलो, पण मावशींची चित्रं आली की टाचा जुळवून उभा.

कैक वर्षं आकडा जागचा हलला नाही. मुलगा दरवर्षी यायचा आणि पावलं धरून बसायचा.

यंदाही ते दोघं आले. मावशी वाकल्यात, मुलाचे केस पांढरे झालेत. चित्र आलं, अगदी स्वच्छ. लाल पट्टी पेटली नाही. मी मोजलं आणि मला आकडा पटेना, म्हणून पुन्हा मोजलं, पुन्हा मोजलं. हट्टी आहे ना मी. पण मोजणाऱ्याला लाड करून चालत नाही. आकडा खाली आला होता, चांगलाच. काकांनी एकेक काप पाहिला आणि माझी एकही रेघ बदलली नाही. डॉक्टरबाईंनी पाहिलं. नव्या संगणकानेही मोजून पाहिलं. कुणालाच कुठे चूक सापडली नाही, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की सापडावी.

डॉक्टरबाईंनी मावशींना माझ्यासमोर बसवलं. जुनी चित्रं आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावून रेघ कुठून कुठवर आहे ते बोटाने दाखवलं. मावशी पुष्कळ वेळ पाहत होत्या. मुलगा जमिनीकडे पाहत होता. त्याने दुकानाचा विषयही काढला नाही, आणि मला नाही वाटत की त्याने तो कधी काढला असता.

मावशींनीच काढला.

"नीट मोजलंत," त्या म्हणाल्या. "आता ऐकते मी."

मग त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. हातात घेतलेली कामं पुरी करायची, नवं कापड घ्यायचं नाही. मोठी कात्री शेजारच्या बाईंना द्यायची, त्यांचा हात चांगला बसलाय. मशीन मात्र मुलाच्या घरी न्यायची, खिडकीपाशी ठेवायची, आणि ज्या दिवशी पाय चालेल त्या दिवशी त्यांना कुणी अडवायचं नाही. मुलगा सगळ्याला हो म्हणाला. जाताना मावशींनी माझ्यावर अंथरायचं कापड झटकलं, नीट घडी घालून बाजूला ठेवलं आणि काकांना म्हणाल्या की याच्यावर कप ठेवू नका.

मित्रांनो, पुढच्या वर्षी मी असेन की नाही, ठाऊक नाही. असलो तर मोजेन. तुम्हीही मोठेपणी काही ना काही मोजाल, आणि तुम्हालाही कुणी ना कुणी मोजेल. तेव्हा माझं एक मागणं लक्षात ठेवा. आकडा कितीही ठळक असला तरी त्याच्यामागचं चित्र उघडून बघा. ज्याला मोजताय त्याला ते दाखवा. लागलं तर त्याचे पाय धरून बसा. आणि मग जे खरं निघेल ते त्याला सांगा, आणि पुढचं त्याला ठरवू द्या.